मारामारीचं कपाट

निवृत्त ग्रंथपाल दिसला की लोक हमखास विचारतात, "सगळी पुस्तकं वाचली असतील ना तुम्ही?" हलवायाला कोणी विचारत नाही, बाबा रे, सगळी जिलबी तूच खाल्लीस का? मी एकतीस वर्षं अकोल्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं दिली आणि परत घेतली. वाचली त्यातली फार थोडी. पण परत आलेलं पुस्तक हातात घेतलं की ते कोणी, कुठं बसून आणि किती वाचलं, हे मी न उघडता सांगायची. रहस्यकथेचं शेवटचं पान आधी मळतं. पाककृतींच्या पुस्तकाला बेसन लागलेलं असतं. अध्यात्म जसं जातं तसंच कोरं परत येतं, वर त्याची मुदतही वाढवून घेतलेली असते.

युद्धाच्या पुस्तकांची तऱ्हा वेगळी. हल्ल्याची पानं बोटांनी काळी झालेली, नकाशांच्या घड्या फाटलेल्या. आणि जिथं जखमी माणसं, इस्पितळ, घरी आलेली तार असं काही असेल, ती पानं छापखान्यातून आली तशी करकरीत. वाचक तिथून चपला हातात घेऊन पळत सुटत असावेत.

खरं तर शास्त्राप्रमाणे ही सगळी पुस्तकं एका जागी ठेवायची नसतात. इतिहास वेगळा, आत्मचरित्र वेगळं, कादंबरी वेगळी. प्रत्येकाला आपला क्रमांक, आपली फळी. अमरावतीला मी उमेदवारी केली तेव्हा माझ्या साहेबांनी हे माझ्याकडून घोकून घेतलं होतं. पण अकोल्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी काउंटरवर विचारलं, "मारामारीचं कपाट कोनतं हो?" दुसऱ्यानं तेच विचारलं, तिसऱ्यानंही. दोन वर्षांनी मी शास्त्र गुंडाळून ठेवलं आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी एका लोखंडी कपाटात सगळी युद्धं कोंबली. साहेब हयात असते तर माझ्याशी बोलले नसते.

त्या टेबलावर आमचं सैन्य मुख्यालय होतं. सरसेनापती म्हणजे मुळे वकील. वय पंचाहत्तर, धोतर नाही पण धोतराचा रुबाब. चहाचा कप म्हणजे रणगाडा आणि बशी म्हणजे डोंगर असं धरून ते रोज सकाळी दहा ते बारा जगातली कुठलीही लढाई जिंकून दाखवायचे. हरलेली लढाई तर त्यांना फारच आवडायची. पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं शेरे मारायची त्यांना खोड होती. "डावी बाजू उघडी! अक्षम्य." "दारूगोळ्याचे नियोजन शून्य." एका पानावर तर, "येथे आणखी शंभर माणसे टाकायला हवी होती." पुस्तकावर लिहू नये हा नियम मी त्यांना बोटानं दाखवला, तेव्हा म्हणाले, "ही रेघोटी नाही बाई, ही टीप आहे."

एका वर्षी अनुदानातून एका लष्करी इस्पितळातल्या परिचारिकेच्या आठवणींचं पुस्तक आलं. नाव सांगत नाही, कारण पुढं जे घडलं त्यात पुस्तकाचा दोष नाही. वकीलसाहेबांनी ते पहिल्यांदा नेलं आणि दोन दिवसांत आणून आपटलं.

"बाई, एकशे चाळीस पानं झाली तरी यात एक गोळी सुटली नाही. नुसत्या नर्सा फिरताहेत."

"वकीलसाहेब, गोळ्या आधीच सुटल्यात. म्हणूनच त्या फिरताहेत."

त्यांना ते पटलं नाही. पुस्तक कपाटात गेलं आणि वर्षभर तिथंच राहिलं.

आता दादारावांबद्दल सांगते. बाळापूरच्या पुढं तीन कोसांवर त्यांचं गाव. काळ्या मातीची दहा-बारा एकर जमीन, डोक्याला कायम पांढरा रुमाल, आवाज असा की त्यांनी काउंटरवर हळूच विचारलेलं मागच्या संदर्भ विभागात ऐकू यायचं. दर बुधवारी अकोल्याच्या बाजाराला यायचे आणि जाताना एक पुस्तक न्यायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा गजानन सैन्यात होता. तो भरती झाल्यापासून दादारावांनी मारामारीचं कपाट वरच्या फळीपासून वाचायला घेतलं होतं.

मी एकदा विचारलं, "दादाराव, मुलगा तिकडे आणि तुम्ही हे वाचता. भीती नाही वाटत?"

"भ्याव कायचं? पोट्टा तिकडं काय करून राह्यला ते तं समजलं पायजे! फोनवर इचारलं तं म्हनते, जेवलो. चार साल झाले, फक्त जेवूनच राह्यला तो."

सांजवात झाली की ते ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायचे आणि त्यांची बायको वच्छलाबाई काम करता करता ऐकायची. "तिले डोयानं बराबर दिसत नाही," ते सांगायचे. "मी वाचतो, ते आयकते. मधातच पेंगते बी."

एका बुधवारी कपाट संपलं. उरलं ते परिचारिकेचं पुस्तक. मीच ते त्यांच्या हातात दिलं.

"लढाई हाय का याच्यात?"

"आहे, पण इस्पितळातली."

"चालते. तेबी सैन्याचंच अंग हाय."

पंधरा दिवसांनी पुस्तक परत आलं. दादाराव खूश होते. म्हणाले, "मस्त हाय. तो लहान पोट्टा बरा होऊन घरी जाते, तिथं तं हिनं टाळी वाजवली." दुसऱ्या कपाटातलं एक पुस्तक घेऊन ते गेले. तासाभरानं आमचा शिपाई पुंडलिक, माझ्याहूनही जुना माणूस, ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आला.

"मॅडम, हे पुस्तक कोनं तरी शिवलं."

मधली चार पानं कडेनं एकमेकांना शिवून टाकली होती. पांढरा दोरा, गोधडीला घालतात तसा धावदोरा, पण इतका बारीक आणि सरळ की मी आधी चष्मा पुसला. आता हे समजून घ्या की फाटकी पुस्तकं दुरुस्त करणं हा माझा अभिमानाचा विषय होता. खळ मी स्वतः शिजवायची, बांधणीतून सुटलेले पानांचे गठ्ठे स्वतः शिवायची, आणि हे ऐकायला कोणी तयार असो नसो, सगळ्यांना सांगायची. माझ्या राज्यात येऊन कोणीतरी माझ्याच पुस्तकावर सुई चालवली होती. डोकं फिरलं. छोटी कात्री घेतली आणि एकेक टाका उसवला.

मग अर्थातच ती पानं वाचली. एकोणीस-वीस वर्षांचा एक खेड्यातला मुलगा वॉर्डात तीन दिवस असतो. वेदना फार झाल्या की तो किती वाजले ते विचारतो. परिचारिका सांगते. दहा मिनिटांनी तो पुन्हा विचारतो. तिसऱ्या दिवशी तो जातो, आणि परिचारिका त्याच्या आईला पत्र लिहिते की, तुमचा मुलगा झोपेतच शांतपणे गेला. ते खरं नव्हतं, हेही ती पुढच्या ओळीत लिहून टाकते.

त्या दिवशी घरी गेले आणि वरणाला फोडणी द्यायची विसरले. आमचे हे जेवताना म्हणाले, "आज वरण बरं झालंय." मी त्यांच्याशी भांडलेसुद्धा नाही.

पुढच्या बुधवारी दादाराव आले. इथं मी चुकले. त्यांना बाजूला घ्यायला हवं होतं, आतल्या खोलीत बसवून विचारायला हवं होतं. पण उसवलेल्या भोकांची ती पानं समोर होती आणि मला सगळ्या वाचनालयाला धडा शिकवायचा होता. भर काउंटरवर मी विचारलं, "दादाराव, हे पुस्तक तुम्ही शिवलंत?"

"मी? मी पुस्तक शिवीन? मी काय शिंपी हाओ?"

वर्तमानपत्रांचं टेबल खदाखदा हसलं. वकीलसाहेब म्हणाले, "गुन्ह्याचं हत्यार जप्त करा बाई, सुई!"

"मग तुम्हाला शिवण दिसली नाही?"

"दिसली ना! मले वाटलं तुमचीच असन. तुमीच तं सांगत राह्यता, मी पुस्तकं शिवते, मी पुस्तकं शिवते."

टेबल पुन्हा हसलं, या वेळी मला. मी आणखी चिडले. पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं. "ही पाहा. ही पानं तुमच्या घरून शिवून आली."

दादारावांनी पुस्तक घेतलं आणि उभ्यानं वाचायला लागले. मोठ्यानं वाचायची सवय. दोन ओळी मोठ्यानं वाचल्या, मग आवाज खाली आला, मग नुसते ओठ हलत राहिले. चार पानं संपली तेव्हा त्यांनी बाक चाचपला आणि बसले.

"हे तं आमी वाचलंच नाही," ते म्हणाले. "पुढच्या पानावर कोन्या तरी पोराले टेशनावर पोचवतेत. आमाले वाटलं, हाच बरा झाला." मग त्या भोकांवरून बोट फिरवत, जणू स्वतःलाच, "म्हंजे हिनं पयलेच वाचलं होतं."

"पण त्यांना दिसत नाही ना?"

"मले तसंच सांगते ते."

पिशवीतलं पुस्तक न बदलताच ते निघून गेले. टेबलावर कोणी हसलं नाही. मी काउंटरवर उगाच शिक्क्याची तारीख पुढे-मागे करत बसले.

त्याच दिवसांत सीमेवर काहीतरी पेटलं. वर्तमानपत्रांचे मथळे रोज वीतभर वाढायला लागले. आमच्या टेबलावर कपबश्या कमी पडू लागल्या. दादाराव पुढच्या बुधवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

इकडे पुंडलिकनं 'शिवलेल्या पुस्तका'ची बातमी गावभर केली होती. वर्षभर कोणी न शिवलेल्या (हा शब्द आपोआप आला, राहू द्या) त्या पुस्तकाला रांग लागली. लोक थेट पान क्रमांक विचारायचे. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं मत पडलं की परिचारिकेनं खोटं पत्र लिहायला नको होतं, कागदोपत्री नोंद चोख हवी. एक मुख्याध्यापिका म्हणाल्या, "फार छान आहे, दोनदा रडले, अजून असंच काही आहे?" एका तरण्या गृहस्थांनी हळूच विचारलं, "भानगड प्रेमाची आहे का हो?" नाही म्हटल्यावर त्यांनी पुस्तक नेलंच नाही.

वकीलसाहेबांनी मात्र ते कोणाला न सांगता नेलं. चार दिवसांनी परत आणलं. मी सवयीनं पानं चाळली. एकही शेरा नव्हता.

"काही टीप नाही, वकीलसाहेब?"

"बाई, तुमच्याकडे खोडरबर आहे का?"

मी दिला. ते मारामारीच्या कपाटाशी गेले, एक जाडजूड पुस्तक काढलं आणि खिडकीपाशी बसून अर्धा तास काहीतरी खोडत राहिले. गेल्यावर मी बघितलं. 'आणखी शंभर माणसे' हा शेरा गेला होता. इतक्या जोरानं खोडला होता की कागदाला भोक पडलं होतं आणि मागच्या पानावरची अख्खी पलटण गायब झाली होती. त्यांना दंड करावा की नाही, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

तिसरा बुधवारही कोरा गेला. तेव्हा मी रविवारी बाळापूरची बस धरली. तिथून ऑटोनं दादारावांच्या गावी. काय बोलायचं ते वाटेत तीनदा पाठ केलं आणि अंगणात पाय ठेवताच विसरले.

वच्छलाबाई ओसरीवर सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, ताठ. मी नाव सांगितलं.

"कोन? लायब्ररीवाल्या? त्या उसवनाऱ्या?"

"हो. तीच मी."

"बसा." त्यांनी सूप खाली ठेवलं. "येक सांगा ताई. मी टाके येवढे बारीक घातले. तुमाले दिसले कसे?"

"दिसले नाहीत. पान उलटेना."

"मंग नाही उलटत तं राहू द्याचं. जबरदस्ती काहून केली?"

मी ओसरीच्या कडेला टेकले.

मग त्यांनीच सांगितलं, वऱ्हाडी बायका बोलतात तसं 'मी करतो'च्या थाटात. "मी चौथी शिकली हाओ. दुपारी हे वावरात गेले का मी पुस्तक उलीसक पुढचं वाचून ठेवतो. मंग संध्याकाळी ह्यायच्या तोंडून आयकतो. कुठं काय हाय, ते पयले मालूम असलं म्हंजे बरं असते. त्या पानावर आली अन् पुस्तक मिटून ठेवलं. तो पोट्टा टाइम इचारते ना? आमचा गजू बी लहानपनी ताप आला का टाइमच इचारे. म्हटलं, हे वाचतीन तं ह्यायचा आवाज फुटन. अन् ह्यायचा आवाज फुटला का मंग ह्यायले मलेच समजवा लागते. सैपाक कोन करन?"

"आणि तुमचं काय? तुम्ही एकट्यानंच ते…"

"मी काय, मी तं तूर पाखडतो," त्या म्हणाल्या आणि सूप पुन्हा उचललं.

मी माफी मागितली. त्यांनी ती पाहुण्यानं आणलेल्या केळ्यांसारखी घेतली आणि बाजूला ठेवली. म्हणाल्या, "झालं ते एका परीनं बरंच झालं. आता समदं उघडं पडलं. हे म्हनते, तुले वाचता येते तं तूच वाच. आता मी वाचतो, हे लेटून आयकतेत. मधात मधात घोरतेत."

तेवढ्यात दादाराव वावरातून आले. मला पाहून रुमाल सारखा केला.

"आला नाहीत तीन बुधवार," मी म्हटलं.

"लाज वाटली. सबन लायब्ररीसमोर मले शिंपी केलं तुमी." मग आवाज खाली आणून, "अन् गजूचा फोन येत नोता. नऊ दिवस. टीव्हीवर ते बोंबलून राह्यले, अन् इकडं फोन मुका. पुस्तक हातात धरवत नोतं."

"मग? आला का?"

"काल आला."

"काय म्हणाला?"

नवरा-बायको एकदम म्हणाले, "जेवलो!"

आणि मग दोघं इतकं हसले की वच्छलाबाईंना सूप खाली ठेवून पदरानं डोळे पुसावे लागले. त्या पुसतच राहिल्या, हसणं थांबलं तरी. दादारावांनी उठून त्यांना पाणी आणून दिलं. मी तुरीच्या ढिगाकडे पाहत बसले.

चार-पाच महिन्यांनी गजानन सुटीवर आला आणि आई-बापाला घेऊन वाचनालयात हजर झाला. उंच, शांत, कान उन्हानं रापलेले. वर्तमानपत्रांचं टेबल उठून उभं राहिलं. वकीलसाहेबांनी हात मिळवला आणि न राहवून विचारलंच, "डाव्या बाजूची व्यवस्था काय असते हो तुमची?"

"सर, आमाले डावी बाजू दिसतच नाही," गजानन म्हणाला. "धुकं असते. म्होरच्याचे बूट दिसतेत, त्याच्या मांगं मांगं चालाचं."

वकीलसाहेब खाली बसले. कपबशी त्यांनी नुसती चहासाठी वापरली.

गजाननला आईच्या नावानं कार्ड काढायचं होतं. मी अर्ज घेतला. व्यवसायाच्या रकान्यापाशी थांबले. वच्छलाबाई म्हणाल्या, "शेती लिहा. घरकाम लिहान तं हे म्हनतीन, काहीच करत नाही."

दादारावांचे डोळे चमकले. "म्हंजे आता दोन कार्डावर दोन पुस्तकं भेटतीन?"

"माह्या कार्डावर माहं पुस्तक," त्या म्हणाल्या.

मग त्या कपाटापाशी गेल्या. एकेका पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवत शेवटापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"ताई, त्या नर्सबाईचं पुढचं पुस्तक कोनतं?"

"पुढचं नाही. एवढंच लिहिलंय तिनं."

"मंग लढाई सरल्यावर तिचं काय झालं? घरी गेली का? घरी कोनी होतं का तिले?"

ते पुस्तक तोवर पस्तीस-चाळीस जणांनी नेलं असेल. कोणी खोट्या पत्राबद्दल वाद घातला, कोणी रडलं, कोणी भानगड शोधली. हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. पुस्तकाच्या मागच्या वेष्टणावर लेखिकेबद्दल दोन ओळी होत्या, त्यात जन्मगाव होतं, बाकी काही नव्हतं. मी कपाट पुन्हा शोधलं, सूची पाहिली. काही सापडलं नाही.

"नसन तं मागवा," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी येतो बुधवारी."

तेव्हापासून त्या दर बुधवारी यायच्या, पुस्तक बदलायच्या आणि जाताना विचारायच्या, "लागला का तिचा पत्ता?" मी प्रकाशकाला पत्र टाकलं होतं, त्याचं उत्तर आलंच नाही, म्हणून दर बुधवारी नाही म्हणायची. इतरांना पुस्तक नसलं की मी बेधडक 'बाइंडिंगला गेलंय' असं सांगायची. त्यांना ते सांगता येईना.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या बुधवारी त्या काउंटरवर आल्या, पुस्तक ठेवलं, आणि नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

"ताई, ते नर्सबाईचं मी ठरवून टाकलं," त्या म्हणाल्या. "तुमी आता शोधू नका."

"काय ठरवलं?"

"ते गेली माहेरी. गेली अन् झोपली. आठ दिवस झोपली. तिच्या मायनं दार लोटून घेतलं, अन् आल्यागेल्याले सांगे, हळू बोला, पोरगी झोपली हाय."